खाजन शेतीवर पीएचडी : कुठल्या विभागात जावं?

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या भाचीचं बॉटनीत एमएस्सी झालंय आणि गोवा विद्यापीठात खाजन शेतीवर (खाडीकाठची, बांध घालून खारं पाणी अडवलेली सखल शेती) पीएचडी करायचं तिच्या डोक्यात आहे. विषय सुरू होतो खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या कोरगुट भातापासून, पण तिथे थांबत नाही. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. शेतातलं पाणी आणि मासळी दोन्ही त्यावर. बांध राखणं पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आणि तिचेच, म्हणजे कोमुनिदादीचे (पोर्तुगीज काळातलं तिचं नाव), जुने कागद पोर्तुगीजमध्ये! म्हणजे वनस्पतिशास्त्र, सागरविज्ञान, इतिहास, सगळंच आलं.

मुख्य गाइड एका विभागाचा आणि को-गाइड दुसऱ्याचा, असं ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, कोणी केलंय का? दोनापावलच्या एनआयओतले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञ को-गाइड म्हणून चालतात का? जुने कागद वाचण्यापुरतं पोर्तुगीज कोर्सवर्कच्या जोडीने शिकायचं, तर वेळेचं गणित जमतं का? ती नेट पास आहे, पण जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) नाही, त्यामुळे फेलोशिपचंही सांगा.

'आधी प्रवेश घे, मग बघू' हा सल्ला घरातून भरपूर मिळालाय, तो नको. ज्यांनी स्वतः दोन विभागांत फेऱ्या मारल्यात त्यांनी लिहा, सिनॉप्सिस कुणाला आधी दाखवावा तेही.