मदत हवी आहे: रॅबिटएमक्यूच्या रांगेत मेसेज साचतात, पुढे सरकतच नाहीत

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेलवाल्यांचं ऑनलाइन दुकान मी सांभाळतो. दुकान मॅजेंटो २.४ या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि त्याची कामं मेसेजच्या रांगेत लावून ठेवणारं रॅबिटएमक्यू परवाच वेगळ्या सर्व्हरवर टाकलं.

पहिला अर्धा दिवस रॅबिटएमक्यूसोबत आपोआप येणाऱ्या गेस्ट युजरने खाल्ला. पासवर्ड बरोबर, ५६७२ पोर्ट उघडा, तरी लॉगिन नाकारत होतं. मग कळलं की गेस्ट फक्त त्याच मशीनवरून चालतो, बाहेरून नाही. नवीन युजर काढला, व्हर्च्युअल होस्टवर (रॅबिटएमक्यूमधला वेगळा कप्पा) परवानग्या दिल्या, मॅजेंटोच्या सेटिंगच्या फाइलीत, एन्व्ह.पीएचपीत, नोंद केली, सेटअप अपग्रेडची कमांड चालवली. रांगा तयार झाल्या. म्हटलं, झालं!

कसलं काय. मालकांनी ॲडमिनमधून दोनशे चादरींचा भाव एकदम बदलला. स्क्रीनवर 'रांगेत टाकलं' असं आलं, पण दुकानात भाव जुनाच. १५६७२ पोर्टवरच्या रॅबिटएमक्यूच्या पानावर बघतो तर 'रेडी' खाली मेसेज पडून आणि कन्झ्युमर (रांगेतले मेसेज उचलून काम करणारा प्रोग्राम) शून्य. हाताने कन्झ्युमर सुरू केला की दोन मिनिटांत सगळं साफ होतं. टर्मिनल बंद केलं की पुन्हा जैसे थे.

म्हणजे गाडं क्रॉनपाशी (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सर्व्हरची सोय) अडलंय असं वाटतं. क्रॉनटॅबमध्ये मॅजेंटोच्या ओळी तर दिसतात (त्या रूट, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरच्या आहेत, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं). यानेच होत असेल का? की क्रॉनचा नाद सोडून सुपरवायझर (प्रोग्राम सतत चालू ठेवणारं टूल) लावू? सर्व्हरला रॅम २ जीबीच आहे.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू होईल, त्याआधी मार्गी लावायचंय. कुणी केलं असेल तर सांगा राव.