मोसंबीच्या सालींचा पाक दुसऱ्या दिवशी कडू होतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही जालना जिल्ह्यातले, अंबडकडचे. घरची मोसंबी आहे. सासऱ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दोन वेळा ताजा रस लागतो, म्हणजे रोज दहा-बारा फळांच्या साली निघतात. गुरं थोड्या खातात, बाकी उकिरड्यावर. साल नखानं जरा दाबली की बारीक फवारा उडतो आणि तो वास दुपारपर्यंत बोटांना राहतो. इतकं सुगंधी काही रोज फेकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून आपण अभिमानानं सांगतो, पण तिचा निम्मा वास आपण उकिरड्यावर टाकतो.

म्हणून सालींचा साखरपाक करायचं ठरवलं. उन्हाळ्यात कुणी आलं की माठातल्या गार पाण्यात दोन चमचे पाक, चिमूटभर मीठ, झालं सरबत. तीन वेळा केला, तिन्ही वेळा फसला.

पहिल्यांदा साली चिरून साखर-पाण्यात वीस मिनिटं उकळल्या. घरभर घमघमाट, पण पाक कडूजहर. दुसऱ्यांदा आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडला, पाच मिनिटंच उकळलं आणि आंबटपणाला उरलेला रस चोथ्यासकट घातला. रात्री चाखला तेव्हा इतका छान, की सासूबाईंनी बोट पुन्हा बुडवलं. सकाळी तोच पाक कडू! रात्रीत काय झालं ते कळेना. तिसऱ्यांदा साली गच्चीवर कडकडीत वाळवून घातल्या, तर वासच नाही.

शिवाय दुसऱ्या खेपेची एक बाटली ओट्यावरच राहिली होती. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर फस्सकन फेस आला. साखर आणि पाणी समसमान घेतलं होतं. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे फ्रीजवर विसंबता येत नाही. कडूपणा कसा टाळायचा आणि पाक टिकवायचा कसा, कुणी करून पाहिलं असेल तर नीट सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी पैठणची. माझेही दोन डबे असेच वाया गेलेत. रात्रीत कडू होण्याचं कारण तुमच्या उरलेल्या रसात आहे. पांढरा भाग, फोडींचे पडदे आणि बिया यांत लिमोनिन हा कडू घटक तयार करणारं द्रव्य असतं. ते आधी कडू लागत नाही. फळ चिरल्यावर, पिळल्यावर आंबट रसात मिसळतं आणि काही तासांनी कडू होतं. मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, तोही यामुळेच. वास मात्र सगळा सालीच्या वरच्या ठिपक्यांतल्या तेलात. पांढऱ्यात तो शोधू नका.

तेव्हा रस काढल्यावर नाही, रस काढायच्या आधी साल काढा. अख्खं फळ चोळून धुवा, पुसा, आणि पीलरनं फक्त वरची हिरवी-पिवळी पातळ साल काढा. फवारणी होऊन फार दिवस झाले नसतील तर ती फळं यासाठी घेऊ नका, सगळंच औषध धुऊन जात नाही. एक वाटी सालीला दोन वाट्या साखर घालून हातानं चांगलं चुरा, झाकून रात्रभर ठेवा. साखर ते तेल ओढून घेते, सकाळी सगळं ओलं, चकचकीत झालेलं दिसेल. साली उकळायच्याच नाहीत. उकळल्या की कडूपणा पाकात उतरतो आणि वास वाफेबरोबर जातो.

आता टिकण्याचं. समसमान पाकात साखर निम्मीच, त्यात आंबायला वाव राहतो. वजनानं दोन भाग साखर, एक भाग पाणी घ्या, म्हणजे साखर साधारण ६६ टक्के होते. पाणी उकळून साली-साखरेवर ओता, हलवत साखर विरघळवा, फडक्यातून गाळा. गाळलेला पाक वाफ येईपर्यंत तापवा, किलोभर साखरेला एका लिंबाचा गाळलेला रस घाला (साखर दाणेदार होत नाही) आणि उकळून वाळवलेल्या बाटल्यांत गरम असतानाच काठोकाठ भरा. बाटली उघडली की मात्र फ्रीजमध्येच, आणि ओला चमचा घालू नका. छोट्या बाटल्या भरल्या तर लाईट गेल्यावर नुकसान कमी.

मूळ प्रश्नकर्ती
ताई, मनापासून आभार! रस काढायच्या आधी साल काढायची हे डोक्यातच आलं नव्हतं. परवा अर्धा किलो साखरेचा केला. आज तिसरा दिवस, कडवटपणाचा लवलेश नाही. सासरे अजून रसच घेतात, पण पाकाचा वास आल्यावर म्हणाले, 'आपल्याच बागेतली ना?' एकच शंका राहिली. बाटलीच्या गळ्याशी पिवळसर तेलकट कडं आलंय. बिघडला का?

प्रतिसाद १
नाही ताई, ते सालीचं तेलच वर आलंय. वास आंबूस नसेल, फेस नसेल तर बिनधास्त वापरा. ओतण्याआधी बाटली हलवून घ्या, नाहीतर पहिल्या ग्लासातच सगळा सुगंध जाईल.