सांब्रा (बेळगाव विमानतळ) ते मुंबई विमानाला खरा वेळ किती लागतो?

निपाणीवाला: नमस्कार मंडळी. ताईच्या बाळाचं बारसं आहे डोंबिवलीला, आईबाबांना पहिल्यांदाच विमानानं न्यायचं म्हणतोय. नकाशावर सांब्रा ते मुंबई सरळ रेषेत ४०० किमी दाखवतंय आणि विमान ताशी ८०० नं जातंय म्हणतात, मग अर्ध्या तासात पोचायला पाहिजे की, तिकिटावर सव्वा तास कसा काय? बाबा म्हणतात मधे कुठंतरी थांबा घेत असणार, लाल गाडीसारखा.

टिळकवाडीकर: थांबा बिंबा काय नाही हो. ८०० चा स्पीड मोठ्या जेटचा, तो पण वर गेल्यावर. पंख्याचं एटीआर असलं तर ५०० च्या आसपासच, म्हणजे हवेतच पाऊण तासाच्या वर गेला. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडं जाऊन उभं राहीपर्यंतचा असतोय. आणि मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी एकमेकीला छेदून जातात, त्यामुळं एका वेळी एकच चालते. मागच्या पावसाळ्यात आम्ही वरच वीस मिनिटं गोल गोल फिरत होतो, खाली कुठलं तरी तेच तेच तळं तीनदा दिसलं, शेजारच्या काकूंनी मांडीवरचा कुंद्याचा डबा घट्ट धरून ठेवला होता.

घाटातला: विमानाचा सव्वा तास सोडा, घर ते घर मोजा. निपाणी ते सांब्रा ८५ किमी, म्हणजे दीड पावणेदोन तास, त्यात दीड तास आधी पोचायचं, मुंबईत बॅगा यायला अर्धा तास आणि तिथनं डोंबिवली ट्रॅफिकमध्ये दीड दोन तास. झाले की सात तास. रात्री स्लीपर बसमध्ये झोपला तर आठ नऊ तासात सकाळी पोचताय, ते पण कमी पैशात.

कागलकर: अहो पण निपाणीला उजळाईवाडी जवळ पडतंय ना! कोल्हापूरचं विमानतळ तुम्हाला ३५ किमी, सांब्र्याच्या निम्म्याहून कमी. तिथनं मुंबई सरळ ३०० किमीच्या जरा वर. फक्त त्या तारखेला फ्लाइट आहे का ते आधी बघा, छोट्या विमानतळांवरचं टाइमटेबल सारखं बदलतंय, आमचं एकदा आदल्या दिवशी रद्द झालं आणि रात्री स्टँडवर पळावं लागलं.

निपाणीवाला: उजळाईवाडी डोक्यातच आलं नव्हतं बघा, सांब्रा आपलं म्हणून तेच धरून बसलो. स्लीपरचं बरोबर आहे दादा, पण बाबांना ७० व्या वर्षी एकदा तरी विमानात बसवायचंय, वेळेचा हिशोब नंतर. ते आत्ताच विचारताहेत, खिडकी मिळंल काय?

टिळकवाडीकर: जाताना डावीकडची ए सीट घ्या. आभाळ मोकळं असलं तर घाटाखालचं कोकण आणि लांबवर समुद्र दिसतोय. पावसाळ्यात मात्र नुसते ढग.