शब्दचर्चा: 'अपॉस्टिल'ला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडीकर: एक अडचण आहे, बघा जरा. परदेशी जाणाऱ्या पोरांसाठी आमच्या बेळगावच्या मंडळाचं मराठीत पत्रक काढायचंय, जन्मदाखला, डिग्री, लग्नाचा दाखला यांवर कुठे कुठे सही-शिक्के घ्यायचे त्याचं. मी सगळीकडे 'साक्षांकन' लिहून मोकळा झालो. आमचे काका (रिटायर्ड हेडमास्तर) वाचून म्हणाले, अरे साक्षांकन म्हणजे झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' म्हणून केलेली सही, हा तर मूळ कागदावरचाच उपद्व्याप! बरं, नोटरी वेगळा, राज्य सरकारचा शिक्का वेगळा, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लावतात ते) वेगळं, आणि एजंट लोक सगळ्यालाच 'अटेस्टेशन' म्हणतात. वेगवेगळे शब्द पाहिजेत.

खानापूरची: दृढीकरण लिहा की. आमच्याकडे हापिसात सगळे तेच म्हणतात.

निपाणीवाला: ते कन्नड झालं वैनी.

खानापूरची: कन्नड कसलं? दृढ संस्कृतच ना? दृढनिश्चय चालतो आणि दृढीकरण चालत नाही, हे कुठलं शास्त्र? चांगला शब्द कन्नडवाल्यांनी आधी उचलला म्हणून आपण सोडायचा का?

कॅम्पातला: आमच्या चर्चमधे दृढीकरण हा संस्कार असतो, पोरं मोठी झाल्यावर बिशप कपाळाला तेल लावून देतात तो. पत्रकात 'डिग्रीचं दृढीकरण' वाचून आमची आजी डिग्रीला तेल लावायला घेईल 😀

जुनी_मोडी: मुळात अपॉस्टिल म्हणजे काय ते बघू. शब्द फ्रेंच, अर्थ समासात लिहिलेली टीप. त्याच्या मागे लॅटिन 'पोस्ट इल्ला', म्हणजे 'त्या शब्दांनंतर', असं मानतात. कागदाच्या कडेला अधिकाऱ्यानं लिहायचं ते, त्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शब्द आहे: शेरा. 'हेग शेरा' म्हणा, विषय संपला. ज्या करारामुळे देश एकमेकांचं अपॉस्टिल मानतात तो हेगचाच आहे, ५ ऑक्टोबर १९६१ चा, भारतात लागू झाला २००५ च्या जुलैत. त्या शेऱ्यात दहा रकाने असतात आणि जगात कुठेही काढा, डोक्यावरची ओळ फ्रेंचमधेच लागते. फ्रेंच लोकांचा हट्ट बघा आणि आपण इथं दृढीकरण कोणाचं म्हणून भांडतोय.

निपाणीवाला: शेरा?? शेरा मारला म्हणजे साहेबानं खोट काढली. सर्व्हिस बुकात शेरा पडला की प्रमोशन गेलं. पोरगं घाबरून पासपोर्ट परत देईल. त्यापेक्षा 'सत्यापन' बरं.

जुनी_मोडी: सत्यापन हिंदी आहे, आणि अर्थानंही चूक आहे. अपॉस्टिल कागदातला मजकूर खरा आहे असं म्हणतच नाही! खालची सही त्या अधिकाऱ्याची, तो त्या हुद्द्यावर होता, शिक्का त्याच हापिसचा, एवढंच सांगतं. दाखल्यात जन्मतारीख चुकीची असली तरी अपॉस्टिल व्यवस्थित होतं, पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

टिळकवाडीकर: म्हणजे सहीला साक्ष. मग साक्षांकन काय वाईट होतं? काकांना हे सांगतो.

वडगाव_विणकर: शिक्कामोर्तब कुणालाच कसं आठवलं नाही? शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर राजमुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. म्हणजे मजकूर इथं संपला, ह्याच्या खाली कोणी काही घुसडायचं नाही. वरचा तो शिक्का, खालचं ते मोर्तब. राज्याचा तो शिक्का आणि दिल्लीचं ते मोर्तब, असं वाटून द्या, दोन्ही शब्द घरचे.

निपाणीवाला: घरचे? शिक्का, मोर्तब दोन्ही अरबी.

वडगाव_विणकर: एवढी वर्षं नांदले की घरचेच. तुमच्या 'वकील'ला पण काढा मग बाहेर.

शहापूरची सून: शब्दावरनं भांडताय खरं, पण पत्रकात ही गोष्ट मोठ्या अक्षरात घाला: राज्याचा शिक्का तुम्ही कुठे राहता त्यावर नसतो, कागद कुठला त्यावर असतो. धारवाडची डिग्री असेल तर बेंगळूर, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल तर मुंबई. आमच्या घरात नवरा धारवाडचा, मी कोल्हापूरची, दोघांचे कागद दोन दिशांना! आणि दुबई, कतार, कुवेतला अपॉस्टिल चालत नाही, ते देश करारात नाहीत, त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. ओमानला चालतं. सौदीलाही २०२२ च्या डिसेंबरपासून चालतं, पण जुने एजंट अजून दूतावासाचेच पैसे सांगतात.

कॅम्पातला: गावाच्या नावाचं पण घाला. १ नोव्हेंबर २०१४ ला 'बेळगावी' झालं. भाच्याच्या जन्मदाखल्यावर जुनं 'बेलगाम', पासपोर्टवर नवीन. तिकडचा कारकून म्हणतो ही दोन गावं आहेत. त्याला एका गावाचा वाद समजावून सांगायचा म्हणजे १९५६ पासून सुरुवात करावी लागणार की!

निपाणीवाला: बेळगावच लिहायचं.

कॅम्पातला: मराठीत लिहा हो, कोण अडवतंय. फॉर्मवर पासपोर्टमधे आहे तेच लिहावं लागतं.

टिळकवाडीकर: विषय भरकटला. मी सध्या 'राज्याचं साक्षांकन' आणि 'अपॉस्टिल (हेग शेरा)' असं घालतोय. नोटरीला नोटरीच. 'ट्रू कॉपी'ला सत्यप्रत की प्रमाणित प्रत?

खानापूरची: नक्कल.

जुनी_मोडी: नक्कल बरोबर आहे. जुन्या कागदांत 'अस्सल' आणि 'नक्कल' अशीच जोडी येते.

शहापूरची सून: नक्कल नको हो. आमच्या कोल्हापूरकडं नक्कल म्हणजे एखाद्याच्या बोलण्या-चालण्याची करतात ती. सासरे पहिल्यांदा 'तुझ्या डिग्रीची नक्कल काढून आणतो' म्हणाले, तेव्हा मला वाटलं बोगस डिग्री करायला निघाले.

खानापूरची: कोल्हापुरात काय सातबाऱ्याची नक्कल काढत नाहीत?

शहापूरची सून: आमच्यात उतारा म्हणतात.

वडगाव_विणकर: उतारा तर भूत लागल्यावर काढतात 😀