चिलखतातलं कासव?

नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखती घोडेस्वार योद्धा, घोड्यावरून पडला की उताणा कासव, आणि त्याला खोगिरावर चढवायला क्रेन लागायची, असं कुणीतरी लिहिलंय. क्रेन विसरा हो, ती नंतरच्या लोकांनी रंगवलेली गंमत. पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, आणि ते वजन अंगभर वाटलेलं. (भाल्यांच्या खेळासाठीचं वेगळं आणि जड असायचं, तिथेच घोळ होतो.) फ्रेंच मार्शल (सेनापती) बुसिको शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चढवून कोलांटउडी मारायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. त्याच्या हयातीतच लिहिलेलं चरित्र, म्हणजे आपल्या बखरींइतकं मीठमसाला धरूनच वाचायचं. पण आज हौसेने चिलखत घालणारेही त्यात धावतात, पडून उठतात.

खरी अडचण दमाची. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये चिलखती लढाईची प्रात्यक्षिकं करणाऱ्यांनाच ट्रेडमिलवर चालवून पाहिलं, तर चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त निघाली. पायांवरचं पोलाद प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, आणि छाती आवळलेली असल्याने खोल श्वास घेता येत नाही. आता इंग्रज-फ्रेंचांची १४१५ ची आझँकूरची लढाई (फ्रान्समधली) आठवा: नांगरलेलं शेत, रात्रभरचा पाऊस, वरून बाणांचा मारा, आणि त्या चिखलातून पायी निघालेले फ्रेंच सरदार. इंग्रजांच्या फळीपाशी पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला.

कोलांटउड्या मारणारा बुसिकोही तिथेच पकडला गेला. १४२१ साली इंग्लंडमध्ये कैदेतच वारला.