आदाम आणि ख्रिस्त, जोडी कशी लागते?

रंकाळ्याकाठचा: काल शाहूपुरीत मयतीच्या प्रार्थनेला गेलतो, पाळकसाहेबांनी बायबलमधलं १ करिंथ १५ (करिंथच्या मंडळीला पौलाचं पहिलं पत्र, अध्याय १५) वाचलं, आदामात सगळे मरतात, ख्रिस्तात सगळे जिवंत होतील. आता हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा माझ्या मरणाशी काय संबंध ओ?

बावडेकर: भावा, हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलासाठी आदाम आणि ख्रिस्त दोघं म्हणजे दोन घराण्यांचे मूळपुरुष. आजोबानं जमीन गहाण टाकली की नातवाला भोगावं लागतंय, तसं एकाच्या आज्ञाभंगानं मरण आलं, एकाच्या आज्ञापालनानं जीवन, त्याच्याच रोमकरांस पत्राचा ५ वा अध्याय वाच की. त्यात पौल म्हणतोय कृपा अपराधापेक्षा लई मोठी, म्हणजे हिशोब सारखा नाहीच, हे लोक विसरतात.

शिरोळची ताई: मला तर ‘प्रथमफळ’ हाच शब्द भारी वाटतो. जोंधळ्याचं पहिलं कणीस भरलं की मागचं रान पण येणार, तसं ख्रिस्त आधी उठला, मग त्याचे लोक तो येईल तेव्हा, १ करिंथ १५ मधलीच २३ वी ओवी.

रंकाळ्याकाठचा: मग ‘सगळे’ म्हणजे खरंच सगळे?

बावडेकर: तिथंच तर भांडण हाय! बरेच जण ‘ख्रिस्तात असलेले सगळे’ असं घेतात, मला पण तेच पटतंय. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमधलं (आता तिथं मशीद हाय) चित्र बघ, ख्रिस्त आदामाला मनगटाला धरून थडग्यातनं वर ओढतोय, हव्वेला दुसऱ्या हातानं.