वेबसाईटवरच्या पीडीएफ पुस्तिका मोबाईलवर पानातच कशा दाखवायच्या?

संत्रापट्टा (वरुड, जि. अमरावती):
शेतकरी उत्पादक कंपनीची साधी वेबसाईट आहे, सीपॅनलवालं स्वस्त होस्टिंग. संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराच्या (फुलोऱ्याच्या हंगामांच्या) पुस्तिका पीडीएफमध्ये आहेत. सगळ्यात मोठी 42 पानांची, 18 एमबी. आयफ्रेममध्ये (वेबपानाच्या आत दुसरं पान दाखवणारी चौकट) टाकल्या तर कॉम्प्युटरवर छान दिसतात, अँड्रॉइडवर मात्र करडी चौकट आणि फाईल उघडण्याचं बटण येतं. गूगलचा व्ह्यूअर कधी उघडतो, कधी कोरा राहतो. सभासद जवळपास सगळे मोबाईलवाले. पानं चाळता यावीत, मोठी करता यावीत आणि 'डिंक्या' हे रोगाचं नाव टाकलं की ते पान सापडावं, एवढं हवं आहे.

कोडवर्धा:
भाऊ, आयफ्रेम स्वतः पीडीएफ दाखवत नाही, ब्राउझरमधला व्ह्यूअर दाखवतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तो आयफ्रेमच्या आत चालत नाही, आयफोनवर बहुतेकदा पहिलंच पान दिसतं. गूगलचा व्ह्यूअर त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

मोझिलाचं पीडीएफ.जेएस घ्या, हा वेबपानातच पीडीएफ दाखवणारा व्ह्यूअर आहे. फायरफॉक्समध्ये 2013 पासून हेच आहे, अपाची परवान्याखाली मोफत मिळतं. तयार संचाची झिप उतरवा आणि त्यातली 'बिल्ड' व 'वेब' ही दोन्ही फोल्डरं जशीच्या तशी साईटवर चढवा. त्यातली एखादी फाईल दुसऱ्या आवृत्तीची मिसळली की मुख्य फाईल आणि वर्कर (मागे पीडीएफ वाचायचं काम करणारी फाईल) यांचं जुळत नाही आणि काहीच उघडत नाही. सभासदांचे फोन जुने असतील तर 'लेगसी' नावाचा संच निवडा.

आता 'वेब'मधल्या व्ह्यूअर पानाचा पत्ता द्या आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह, 'फाईल' हे पॅरामीटर (इंग्रजी स्पेलिंगनं) आणि पुस्तिकेचा पत्ता जोडा. पीडीएफ त्याच डोमेनवर ठेवा. दुसऱ्या डोमेनवरची फाईल हा व्ह्यूअर सुरक्षेसाठी नाकारतो. फाईलचं नाव मराठीत किंवा मध्ये जागा सोडून असेल तर पत्ता एन्कोड करावा लागतो. त्यापेक्षा नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा.

माझं मत विचाराल तर मोबाईलवर आयफ्रेम ठेवूच नका. बोट पुस्तिकेवर टेकलं की ती सरकते, बाहेरचं पान अडकून बसतं. मोबाईलवर 'पुस्तिका उघडा' असं बटण द्या, त्यानं व्ह्यूअर पूर्ण पडद्यावर उघडेल. कॉम्प्युटरवर आयफ्रेम राहू द्या, रुंदी पूर्ण आणि उंची पडद्याच्या 80 टक्के. उतरवून घ्यायची लिंक दोन्हीकडे ठेवा, लोकांना ती व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायची असते.

संत्रापट्टा:
चढवलं. व्ह्यूअरची पट्टी दिसते, पण बटणं मेलेली आणि पान कोरं.

कोडवर्धा:
ब्राउझरचा कन्सोल (चुकांचे संदेश दिसतात ती खिडकी) उघडा. माइम प्रकाराची (फाईल कोणत्या प्रकारची हे सर्व्हर सांगतो त्याची) तक्रार दिसत असेल तर कारण सापडलं. नव्या आवृत्तीतल्या फाईलींचं शेपूट 'एमजेएस' असतं आणि जुन्या सर्व्हरला ते ओळखता येत नाही. एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्या शेपटासाठी 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' हा प्रकार जोडा, कॅशे रिकामी करा.

मेळघाटजाळं (धारणी):
18 एमबीचं काय करणार? टॉवर दूर असला की पहिलं पान येईस्तोवर माणूस बंद करून जातो. क्यूपीडीएफ नावाच्या साधनानं फाईल 'लिनिअराइझ' करा, म्हणजे पहिल्या पानाचा मजकूर फाईलच्या सुरुवातीलाच येतो. सर्व्हरनं फाईल तुकड्यांत द्यायला हवी. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये 206 क्रमांकाची उत्तरं दिसली तर तो तुकड्यांत देतो आहे. फक्त 200 दिसत असेल तर बहुधा पीडीएफवर जीझिप (पाठवताना फाईल दाबून लहान करणं) चालू असतं. ते त्या प्रकारापुरतं बंद करा. नाहीतर पूर्ण फाईल एकदम ओढली जाते.

त्यानंतर व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये 'डिसेबल ऑटोफेच' आणि 'डिसेबल स्ट्रीम' दोन्ही चालू करा. पहिलं एकटं चालू करून उपयोग नाही. दोन्ही असले की वाचक ज्या पानावर जाईल, साधारण तेवढाच डेटा खर्च होतो. नेटपॅक जपून वापरणाऱ्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

आणि 42 पानांना 18 एमबी म्हणजे रंगीत स्कॅन असावा. नुसता मजकूर असलेली पानं 200 डीपीआयवर काळी-पांढरी करा. रोगाचे फोटो मात्र रंगीतच ठेवा, कोळशी आणि डिंक्या रंगाशिवाय ओळखू येत नाहीत.

युनिकोडवाला:
'डिंक्या' शोधण्याचा प्रश्न व्ह्यूअरनं सुटणार नाही, तो पीडीएफच्या पोटातला आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता येत नसेल तर तो स्कॅन. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आला तर कृतिदेवसारखा जुना फॉन्ट. दिसायला मराठी, आत रोमन. 'िडंक्या' असं आलं तर युनिकोड आहे, पण वेलांटी जागेवरून हलली आहे आणि शोध तिथंही फसतो.

स्कॅनला ओसीआर-माय-पीडीएफ हे साधन (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवतं) मराठी भाषा निवडून चालवा. कृतिदेववाल्या फाईलला 'फोर्स ओसीआर' लागेल. त्यात पानांची चित्रं होतात आणि आकार वाढतो, म्हणून मूळ डीटीपी फाईल असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून पुन्हा पीडीएफ काढणं कधीही चांगलं. लिनिअराइझ सगळ्यात शेवटी करा, नंतर फाईलला हात लागला की ती रचना मोडते.

फवारणीचं वेळापत्रक आणि औषधाचं प्रमाण मात्र पीडीएफमध्ये कोंडून ठेवू नका. तेवढा तक्ता वेबपानावर साध्या मजकुरात टाका, तो गूगललाही सापडतो.